चौघांनी उचलायचं नाही

चौघांनी उचलायचं नाही, एवढी एकच अट कलावतीबाईंनी घातली होती. बाकी कसंही न्या, पण या भीमजयंतीला मला खाली न्या, असं त्यांचं म्हणणं.

"तुह्या सासऱ्याले चौघायनंच उचललं होतं," त्या लताला म्हणाल्या. "तो वापस आला का?"

लता त्यांच्या पाठीला पावडर लावत होती. सकाळी अंग पुसून झालं की कुशीवर वळवायचं, पाठ कोरडी करायची, पावडर लावायची. नाहीतर पाठीला जखमा होतात. सासूची डावी बाजू लुळी पडल्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत लताला या पाठीवरचा तीळन्‌तीळ पाठ झाला होता. स्वतःची पाठ मात्र कशी दिसते हे ती विसरली होती. ती फक्त दुखते, एवढंच माहीत होतं.

घर जयपूरच्या जगतपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. लताच्या नवऱ्यानं, भीमरावांनी हौसेनं घेतलेलं. वर हवा छान येते, म्हणाले होते. बिल्डरनं लिफ्टसाठी जागा सोडली होती आणि त्या जागेत लिफ्ट सोडून बाकी सगळं होतं: झाडू, मोडकी सायकल, कुणाच्या तरी कूलरचं गंजकं खोकं. आजारी पडल्या दिवशी कलावतीबाईंना दवाखान्यात नेलं-आणलं तेव्हा त्या शुद्धीत नव्हत्या. कोणी उचललं, कितीजणांनी उचललं, त्यांना ठाऊक नव्हतं. शुद्धीवर आल्यापासून त्या वरच होत्या. मागून रेल्वेची लाइन जायची. कानांनी त्यांना फारसं ऐकू येत नसे, पण गाडी आली की त्या उजव्या हाताचा तळवा लोखंडी खाटेच्या दांड्यावर ठेवत आणि म्हणत, "मालगाडी." कधी म्हणत, "पाशिंजर, रिकामी." त्यांचे मालक आयुष्यभर मूर्तिजापूरला गँगमन होते, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

लताला काळजी वेगळीच होती. होळीपासून बाई अर्धीच भाकर खात होत्या. कितीही आग्रह करा, अर्धी झाली की ताट उजव्या हातानं सरकवायच्या. पोट दुखतं का? नाही. कडक झाली का? नाही. रागावलात का कोणावर? "जेवनावर कोनी राग काढते का बाई?" लतानं आपल्या आईचं असंच पाहिलं होतं. आधी भाकर गेली, मग बोलणं गेलं, मग आई गेली. अर्ध्या भाकरीचं ताट उचलताना तिला तेच आठवे. सासू आवरायला लागली आहे, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

म्हणून बाईंनी जयंतीचं नाव काढलं तशी तिनं ते घट्ट धरून ठेवलं. ज्याला कुठे जायचं असतं तो माणूस आवरत नाही. खाली नेऊ, चार माणसांत बसवू, कदाचित भाकर परत सुरू होईल. न्यायचं म्हणजे न्यायचं.

संध्याकाळी घरात बैठक बसली.

"खुर्चीत बसवायचं, दोघांनी धरायचं," लता म्हणाली. "चार नाही ना, दोघंच."

"दोघायले जमत नाई म्हनूनच चौघं येतात," खाटेवरून उत्तर आलं. एरवी लता ओरडून बोलली तरी यांना ऐकू येत नाही आणि हे बरोबर येतं.

भीमरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वजन मना. त्यांचा यार्डातला जोडीदार सुधाकर, रूळ बदलणारा सांधेवाला, गडी दणकट. तो म्हणाला, "माय, मी पाठुंगळी नेतो ना तुला."

"मी का गोनी हाय?"

सुधाकरनं वाकवलेली पाठ सरळ केली.

भीमराव जयपूर यार्डात शंटिंग मास्टर. डबे जोडण्यात आणि तोडण्यात हयात गेलेली. ते उठले, जिन्यापर्यंत जाऊन आले आणि निकाल दिल्यासारखं म्हणाले, "चाकं लावू."

"जिन्याला?" लतानं विचारलं.

"मायला! जिन्यावर सेंट्रिंगच्या फळ्या टाकायच्या. कूलरची ट्रॉली आहे आपली, चाकांची. तिच्यावर खुर्ची बांधायची, मागून दोर धरायचा. जगात जड काही हलवायचं तर चाकच पाहिजे. इतक्या मालगाड्या काय डोक्यावर नेतो का आम्ही?"

त्यांची मुलगी अश्लेषा अकरावीत होती. फिजिक्सचं पुस्तक मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. पोरगी राजस्थानातच जन्मली, वाढली. मराठी बोलताना मध्येच अडखळायची, जशी अनोळखी जिन्यावर पायरी चाचपावी. ती म्हणाली, "पपा, चाक मतलब फ्रिक्शन कमी. कमी पाहिजे का आपल्याला?"

"कमीच पाहिजे ना! ओढायला सोपं."

"पण आपण ओढत कुठे आहोत? आपण तर रोकणार आहोत."

"तू अभ्यास कर," भीमराव म्हणाले.

रविवारी चाचणी झाली. आजीच्या जागी गव्हाचं पोतं. ते तळमजल्यावरच्या कमलेश भाभींनी दिलं. एप्रिल महिना, त्यांचा वर्षाचा गहू नुकताच आला होता आणि त्यांच्या पुढच्या खोलीत पोत्यांची थप्पी लागली होती. त्या खोलीचं दार थेट अंगणात उघडायचं. भाभींच्या घरात आता त्या एकट्याच; नवरा वारला, मुलगा बाहेर नोकरीला. कोणाच्या घरी काही घडत असलं की त्यांना बरं वाटायचं.

"आराम से, भाई साहब," त्या म्हणाल्या. "गेहूँ है, अम्माजी नहीं हैं, फिर भी आराम से."

भीमरावांनी शिट्टी वाजवली. यार्डातली सवय, शिट्टीशिवाय त्यांच्यानं काही हलवलं जात नसे. सुधाकरनं ट्रॉली फळ्यांवर ढकलली. पहिल्या हातभर अंतरात सगळं ठीक होतं. मग पोत्यानं मनावर घेतलं. दोर भीमरावांच्या तळहातातून सरसर पळाला, त्यांनी "अरे अरे" केलं आणि सोडून दिला. ट्रॉली कठड्याला धडकली, पोतं मात्र न थांबता पुढे गेलं, भिंतीवर आपटलं आणि फुटलं. गहू पायऱ्यापायऱ्यांवरून खाली वाहू लागला. बराच वेळ वाहत होता. आवाज मोठा गोड होता.

वरून खाटेवरून हाक आली, "काय सांडलं?"

"गहू, आत्याबाई," लतानं सासूला ओरडून सांगितलं.

"मी फुटली असती तं काय सांडलं असतं?"

लताला हसू आलं आणि हसताना कंबरेत चमक निघाली, म्हणून तिनं हसणं अर्ध्यावर सोडलं. ती, अश्लेषा आणि भाभी मिळून दुपारभर गहू गोळा करत बसल्या. भाभींच्या पुढच्या खोलीत नेऊन ओतला. खोली थंड होती, फरशी खडबडीत, कोपऱ्यात नळ. लता तिथे जरा वेळ भिंतीला टेकून बसली. उठावंसं वाटेना.

"भाभीजी, आप तो आधी रह गई हो," भाभी म्हणाल्या.

"आधी कहाँ," लता म्हणाली. "सब यहीं है, बस थका हुआ है."

संध्याकाळी ती आत्याबाईंची चादर बदलायला लागली. हे काम तिचं तिनंच बसवलेलं होतं. सकाळी हातात जोर असतो, पण संध्याकाळपर्यंत तो संपतो. म्हणून ती सासूच्या अंगाखाली दुहेरी चादर सरकवायची, चादरीच्या टोकाचे खाटेच्या पायाला दोन वेढे द्यायची आणि थोडं थोडं ओढत त्यांना कुशीवर आणायची. वेढे दिले की ओढलेलं परत सुटत नाही. मध्ये थांबून दम खाता येतो. सासूही मध्येच लटकल्यासारख्या थांबून छताकडे बघत राहतात.

अश्लेषा दारात उभी राहून पाहत होती. रोज तर पाहायची, पण आज तिच्या डोक्यात पोतं होतं.

"आई, हे तू दोनच का गुंडाळते?"

"तीन दिले तर सरकत नाही. एक दिला तर हात सुटतो."

"फ्रिक्शन!" पोरगी ओरडलीच. "आई, घासलं पाहिजे! चाकं नकोच. आजी घासत जाईल आणि दोर पण घासत जाईल. मतलब दोन्हीकडे ब्रेक."

"तुझ्या पुस्तकात असं आहे?"

"पुस्तकात तर लिहितात, घर्षण सोडून द्या."

"सोडून दिलं की काय होतं ते दुपारी पाहिलं," लता म्हणाली.

अश्लेषा खाटेच्या कडेला बसली आणि तिनं कागदावर एक तिरकी रेघ काढली. रेघेवर चौकोन. चौकोनाला तिनं दोन वेण्या काढल्या, म्हणजे आजी. "आजी तिसऱ्या मजल्यावर आहे ना, मतलब तिच्यात खूप एनर्जी जमा आहे. उंचीची."

"यांच्यात?" लतानं चादर सोडून तिच्याकडे पाहिलं. "दोन वर्षं मी चमच्यानं भरवते, आणि या साठवून बसल्यात होय?"

"खाली येताना ती कुठे तरी जायला पाहिजे. चाकांवर गेली तर सगळी स्पीडमध्ये जाते. घासली तर गरमी होते. बस. आपल्याला आजीची गरमी करायची आहे."

"ती तुही माय रोज करते," कलावतीबाई म्हणाल्या.

त्यांचा स्वतःचा एक पाट होता. सागवानी, रुंद, खाली दोन आडव्या पट्ट्या. भाकरी थापायला बसायचा. मूर्तिजापूरहून मुलाच्या मागे प्रत्येक बदलीला तो आला होता आणि गेली दोन वर्षं खाटेखाली होता. सुधाकरनं त्याला पाठीमागे एक उभी फळी ठोकली, टेकायला. दोराचा प्रश्न आला तेव्हा बाईंनीच पेटीतलं जुनं नऊवारी लुगडं काढायला लावलं. ते उभं फाडून लतानं त्याचा पीळ घातला. दोर जाडजूड झाला, मऊ आणि पकडीचा.

एक वाद मात्र राहिला. अश्लेषाचं म्हणणं, आजीचं तोंड वरच्या बाजूला पाहिजे. तोंड खाली करून बसवलं तर ती पाटावरून पुढे घसरेल. तोंड वर केलं तर झुकलीच तर पाठीच्या फळीवर झुकेल.

"मंग मी उलटी जाऊ? पाठ करून?"

"आजी, प्लीज ना."

बाईंनी विचार केला. "दोर कोन धरन?"

"आई."

"मंग चालते," त्या म्हणाल्या.

जयंतीच्या दिवशी सकाळी लतानं त्यांना पांढरी साडी नेसवली, केस विंचरले. नाश्त्याला पुन्हा अर्धी भाकर. लतानं ताट उचललं. आज वाद नको. अंगणात रिक्षा उभी होती, कमलेश भाभी खाली दारात, सुधाकर जिन्यावर लाकडी गुटके घेऊन. भीमरावांनी गुटक्यांचा आग्रहच धरला होता. यार्डात डबा उभा केला की चाकाखाली गुटका, मग साखळी, मग चहा, हा नियम. इथे चाक नव्हतं, पण नियम होता. त्यांनी एका हातात हिरवी झेंडी घेतली होती, एका हातात लाल, आणि तोंडात शिट्टी, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. घरातल्यांना ते बरंच वाटत होतं.

लतानं रोजच्यासारखी सासूला मिठी मारली, उचललं आणि पाटावर बसवलं. एकटीनं उचललेलं चालत असे. अट चौघांची होती. कमरेभोवती पदराची गाठ मारली. मग ती स्वतः वरच्या पायरीवर बसली, कठड्याच्या लोखंडी खांबाला लुगड्याचे दोन वेढे दिले आणि टोक हातात धरलं.

हिरवी झेंडी हलली. शिट्टी वाजली.

पाट हललाच नाही. सुधाकरनं खालून जरा ओढला, तरी नाही.

"सुरुवातीला जास्त जोर लागतो," अश्लेषा म्हणाली. "थांबलेल्याला हलवायला जास्त, एकदा हललं की कमी. असं असतंच."

"हे मला माहीत आहे," लता म्हणाली. "रोज सकाळी उठताना मी तेच करते."

तिनं अश्लेषाला आतून पावडरचा डबा आणायला सांगितला. आत्याबाईंच्या पाठीची पावडर. पाटाच्या खाली, फळ्यांवर, चिमूट चिमूट टाकली. पाटानं एक हिसका दिला आणि तो सरकू लागला. खांबावर लुगड्याचा पीळ आवळला, करकरला. लतानं मूठ जरा सैल केली की पाट वीतभर खाली, घट्ट केली की उभा. वीतभर, उभा. वीतभर, उभा. तिला कळलं की हे जमतंय.

आणि समोर सासूचं तोंड होतं.

दोन वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं समोरून, इतका वेळ पाहिलं नव्हतं. काम करताना माणूस पाठीकडे पाहतो, टाचेकडे पाहतो, ताटाकडे पाहतो. बाई टक लावून तिच्याकडे बघत होत्या. घाबरल्यासारख्या नव्हत्या. एखादी गोष्ट नीट तपासून पाहावी तशा.

पहिला जिना उतरला. सपाटीवर पाट फिरवला, फळ्या काढून पुढच्या पायऱ्यांवर टाकल्या, लता खाली सरकून पुन्हा वरच्या पायरीवर बसली, पुन्हा खांब, पुन्हा दोन वेढे. असं करत ते दुसऱ्या मजल्याच्या खाली आले. तिथे अश्लेषाच्या हातून पावडर जास्त पडली. पाट सुटलाच. लुगडं लताच्या तळहातातून घासत गेलं, आग झाली, लाल झेंडी फडफडली, भीमरावांची शिट्टी तोंडातच फुर्र झाली आणि "सुधाकर, गुटका!" असं ते ओरडले तेव्हा शिट्टी जिन्यावरून टणटणत खाली गेली. लतानं डोळे मिटले आणि धरलं. दुसरं काही तिला येतही नव्हतं. धरून ठेवायचं, एवढंच ती दोन वर्षं करत आली होती.

पाट गुटक्याच्या जरा अलीकडे थांबला.

कलावतीबाईंनी आपला उजवा हात उचलला आणि सुनेकडे पाहून तो खालीवर हलवला, लहान मुलाला शांत करावं तसा.

"थांब जराशी," त्या म्हणाल्या. "घाई नाई. दम घे तू."

जणू खाली उतरणारी लताच होती आणि दोर त्यांच्या हातात होता.

लतानं दम घेतला. तळहात साडीला पुसला. मग शेवटपर्यंत ती एका लयीत सोडत गेली. तळाच्या फरशीला पाट टेकला तेव्हा त्याचा ठक्क आवाज झाला. बाईंनी उजवा पाय पुढे केला, अंगठा फरशीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"आई, इकडे हात लाव ना," लता खाली सासूपाशी पोचली तोच अश्लेषा वरून ओरडली. ती शेवटच्या खांबापाशी उभी होती. लतानं वर चढून खांबाला हात लावला. लोखंड कोमट होतं. सावलीतल्या जिन्यावर, एवढ्याशा जागी, नुकतंच गरम ताट उचललेल्या जागेसारखं.

"आजीची एनर्जी," पोरगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुस्तकातलं खरं निघाल्याचं असावं.

रेल्वे कॉलनीत निळे झेंडे लागले होते. मांडवात बायका पांढऱ्या साड्यांत बसल्या होत्या. प्रत्येकीनं येऊन कलावतीबाईंना "जयभीम, माय" केलं, आणि त्यांनी प्रत्येकीला ती कोणाची कोण ते विचारलं. वंदना झाली, भाषणं झाली. भाषणं त्यांना ऐकू आली नाहीत. ती न ऐकणाऱ्यांचं फार नुकसान झालं नाही. पण ढोल सुरू झाले तशा त्या ताठ झाल्या. हात छातीवर ठेवला. मग मांडवाच्या शेजारच्या बांबूवर ठेवला.

"ऐकू येतंय का हो?" लतानं कानाशी ओरडून विचारलं.

"ऐकाले कान कशाले पायजे?" त्या म्हणाल्या. "बांबू सांगून राह्यला ना."

"वेव्ह," अश्लेषा म्हणाली. "ती बांबूतून पण जाते."

"तू खीर खा," लता म्हणाली, पण तिनंही हळूच बांबूला हात लावून पाहिला. खरंच थरथरत होता.

बाईंनी खीर मात्र दोन चमचेच घेतली. लतानं वाटी हातात धरली आणि तिचा सगळा दिवस त्या वाटीत गळून पडल्यासारखा झाला. खाली आणलं, माणसांत आणलं, तरी हे सुटत नाही. म्हणजे आपण उशीर केला.

ऊन उतरताना रिक्षा परत अंगणात आली. लतानं सासूला मिठी मारून उतरवलं, पाटावर बसवलं. सुधाकरनं फळ्या घेतल्या. भीमरावांनी खिशातून शिट्टी काढली. आणि मग सगळे जिन्याकडे बघत उभे राहिले.



"आता?" सुधाकर म्हणाला.

अश्लेषाचं तोंड एवढंसं झालं. "वर न्यायला तर... मतलब सकाळी जितकी एनर्जी गेली, ती सगळी परत द्यावी लागेल."

"हे आधी नाही सांगायचं?" भीमराव म्हणाले.

"कोणी विचारलंच नाही! पपा, तुम्ही पण गुटकेच गुटके म्हणत होते."

भीमराव खजील झाले. त्यांना चढ माहीत नव्हता असं थोडंच. पण यार्डात चढ आला की इंजिन लागतं, आणि इंजिनाची काळजी दुसरा कोणी करतो. शंटिंगवाल्यानं डबा पळू नये एवढं पाहायचं. सगळं घर आठवडाभर आजीला थांबवायच्या विचारात होतं. तिला चढवायचं कसं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"माय," ते हात जोडून म्हणाले, "एक डाव चौघांना..."

"मले वर जाचंच नाई," कलावतीबाई म्हणाल्या.

कमलेश भाभींनी आपल्या पुढच्या खोलीचं दार उघडलं. लतानं आत पाहिलं. गव्हाची पोती नव्हती; ती मागच्या खोलीत गेली होती. फरशी धुतलेली होती. खिडकीखाली एक खाट घातलेली होती, लोखंडी, वर धुतलेली चादर. नळाखाली बादली. अंगणातलं दार उघडं होतं आणि दारातून कडुनिंब दिसत होता.

"ये कब हुआ?" लतानं विचारलं.

"तय तो होली पे हुआ था, कमरा आज धोया," भाभी म्हणाल्या. "मैं गुजिया देने ऊपर आई थी ना. तब अम्माजी ने पूछा, आपका कमरा खाली है क्या. मुझे कसम दे रखी थी, किसी को मत बताना." मग जरा थांबून म्हणाल्या, "मेरे भी घर में कौन है, भाभीजी, बात करने को."

होळी. लताच्या डोक्यात काहीतरी फिरलं. ती सासूसमोर उकिडवी बसली.

"भाकर कधीपासून अर्धी केलीत?"

बाई दुसरीकडे पाहू लागल्या.

"आत्याबाई. होळीपासून ना?"

"हल्की होत होतो," त्या म्हणाल्या. "खाली उतरवाचं कोनाले होतं? तुलेच ना. ह्याचं तं पोट शिवेल हाय. तू खाटेचा दांडा धरून उठते, मले दिसत नाई का? मले ऐकू येत नाई, दिसते."

लताला आधी राग आला. इतके दिवस ती अर्धं ताट उचलताना काय काय मनात आणत होती, रात्री उठून यांच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत होती, आणि या वजन उतरवत होत्या!

"मला वाटलं तुम्ही..." तिनं सुरुवात केली.

"मराले लागली? एवढ्यानं?" बाई म्हणाल्या. "उपाशी राहून मरन मी? भाकर सोडून?"

भीमराव एकदम खोकले. सुधाकर फळ्या मोजायला लागला, फळ्या मोजायचं काही कारण नव्हतं.

लतानं सासूला मिठी मारली, उचललं आणि नव्या खाटेवर ठेवलं. खरंच हलक्या झाल्या होत्या. आज सकाळी लक्षात आलं नव्हतं. सकाळी ती दोराचा विचार करत होती. बाईंनी उजवा तळवा दांड्यावर ठेवला. जराशानं मागच्या लाइनवरून गाडी गेली.

"मालगाडी," त्या म्हणाल्या. "भरेल. इथं किती साफ समजते वो! वर तं मी हवेत लटकेल होतो."

"आज मी झोपतो इथे," भीमराव अचानक म्हणाले. "तू वर झोप, लता. रोज एकेक. कुशीवर कसं करायचं ते दाखवून दे मला. वेढे घालून करतेस ते. त्याला जोर लागत नाही ना?"

"लागतो," लता म्हणाली. "पण मध्ये थांबता येतं."

"अन् आता भाकर आन," खाटेवरून हुकूम आला. "पुरी."

लता जिना चढू लागली. तिच्या मनात आलं की आता प्रत्येक भाकर, प्रत्येक चहा, प्रत्येक पातेलं तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं आणि रिकामं वर न्यायचं. आजीची उंची गेली, ती आपल्या गुडघ्यांवर आली. अश्लेषाला विचारायला हवं, हे पुस्तकात कुठे येतं. गॅस खाली हलवायला हवा. नळ तर आहेच. उद्या भाभींशी बोलू. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं सवयीनं खांबाला हात लावला. तो थंड झाला होता. तिनं तिथे थांबून दम घेतला. घाई नव्हती. वाटेत कोणी तिला हाक मारली नाही, हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला पटकन सुचेना.

वर जाऊन तिनं परातीत एका भाकरीचं पीठ घेतलं आणि पाणी घातलं. तेवढ्यात जिन्यातून कमलेश भाभींचा आवाज चढत आला.

"भाभीजी! अम्माजी कह रही हैं, एक नहीं, डेढ़!"

लतानं कपाळाला पिठाचा हात लावला. मग डब्यात पुन्हा हात घातला.